नवव्या नंबरची खुंटी

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता चाकणच्या एका कारखान्यात योगिनीची कल्पना चोरीला गेली. पोलिसांत जाण्यासारखं काही नव्हतं. कुलूप तुटलं नव्हतं, खिडकी उचकटली नव्हती, कल्पना जागच्या जागी होती. तिच्यापुढचं नाव तेवढं बदललं होतं.

कारखाना मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. त्याचं नाव सांगत नाही. मालकाने ते सासऱ्यांचं दिलेलं आहे आणि सासरे अजून वाचतात.

डावी बिजागरी आणि उजवी बिजागरी दिसायला सख्ख्या बहिणी. घाईत डावीच्या साच्यात उजवी बसते, गाडीचं दार लागत नाही आणि गाडीवाली कंपनी मेलवर मेल पाठवते. योगिनीने सुचवलं होतं की साच्यात साडेतीन मिलिमीटरची एक खुंटी ठोका, मग उलटी बिजागरी बसणारच नाही. एवढंच. इतकी साधी कल्पना की ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, ही मलाच सुचणार होती.

सूचना द्यायला कारखान्यात सोळा जणांचं सुधारणा मंडळ होतं. सूचना कंप्युटरवर टाकायची आणि निवड नाव झाकून करायची, असा गाडीवाल्या कंपनीचा हट्ट. कारण आधी समिती नाव बघायची आणि नावावरून सूचना कशी आहे ते ठरवायची. पहिल्या नंबराला शाल, श्रीफळ आणि बोर्डावर फोटो. आणि देणारा कंत्राटी असला तर तो परमनंट. हा शेवटचा नियम सगळ्यांनी आनंदाने मान्य केला होता, कारण कंत्राटी माणूस तोवर कधीच जिंकला नव्हता.

समितीने नाव झाकून खुंटी निवडली. शुक्रवारी जुना कंप्युटर बंद पडला. शनिवारी त्याचा बॅकअप नव्या मशीनवर चढवला. सोमवारी मालक मालोजीरावांनी सगळ्यांसमोर नाव उघडलं. सुजित.

सुजित मशीन सेटर, साचे बसवणारा, आठ वर्षं परमनंट. नाव ऐकून सर्वांत जास्त दचकला तो स्वतः. पण माणूस व्यवहारी. दोन सेकंदांत दचकणं आवरून त्याने हात जोडले.

"सर, ती सूचना माझी आहे," मागून योगिनी म्हणाली.

येत्या शुक्रवारी तिचे सात महिने भरत होते. कंत्राटाचे सात महिने भरले की ब्रेक देऊन काढायचं, आणि ब्रेक म्हणजे गावाकडे जाणारी परळीची एसटी. खुंटी तिची ठरली तर ती परमनंट, नाही ठरली तर परळी.

"पुरावा काय?" एचआरच्या विजयश्री मॅडमनी शांतपणे विचारलं.

पुरावा मशीनमध्ये होता, आणि मशीन म्हणत होतं, सुजित.

२

योगिनी थेरगावात कुसुमताईंच्या माडीवर भाड्याने राहत होती. कुसुमताई पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं होत्या. कोण किती वाजता आला, कोण कुठल्या दारातून गेला आणि कुणाच्या आजीचं निधन तिसऱ्यांदा झालं, हे त्यांच्या डोक्यात असायचं. मग कंपनीने चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं आणि ताईंना निरोप दिला. तेव्हापासून कंप्युटर या जातीविषयी त्यांचं मत सवतीविषयी असावं तसं होतं.

"कुणाला बोलली होतीस खुंटीबद्दल?" त्यांनी विचारलं.

"नाही हो ताई. बोललं की दुसरा टाकतो. आमच्या लाइनीवर कल्पना झाकून ठेवावी लागते, डब्यातल्या ठेच्यावानी."

"कागदावर काही?"

"कागद बंद केलाय यंदापासून. झाडं वाचवायला."

"छान. झाडं वाचली, माणूस मेला." ताईंनी चपला घातल्या. "तुझा तो मालोजी आमच्याकडे अप्रेंटिस होता. एकशे अकरा वेळा उशिरा आलाय. चल."

३

मालोजीराव चाकणच्या जुन्या घरातले. वडिलांच्या शेतावर एमआयडीसी आली, राहिलेल्या तुकड्यावर मालोजींनी कारखाना टाकला. दोनशे माणसं त्यांना घाबरायची. कुसुमताई केबिनच्या दारात दिसल्या तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांची नजर नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"ताई, तुमी? बसा की."

"बसते. मालोजी, ही पोर खोटं बोलते असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतंय त्याला कोन इचारतंय? मी दोघांनाबी समोर बसवलं. म्हनलं, खुंटीची माहिती सांगा. हिनं चार वाक्यांत सांगितलं. सुजितनं अर्धा तास सांगितलं, आकृती काढून."

"कारण खुंटी बसवली त्यानेच."

"व्हय. सेटर हाय ना त्यो. निवड झाल्यावर त्यालाच बसवाया दिली." मालोजींनी आवाज खाली आणला. "शुक्रवारी गाडीवाल्यांची मानसं येनार. त्यांच्यासमोर पत्र द्यायचं. चुकीच्या मानसाला दिलं तर माझी अब्रू जातीय. तवर काय ते सांगा. पन मशीन न्हाई म्हनत असलं तर मी काय करू?"

सुजितला बोलावलं. तो आला तो नवा शर्ट घालून. फोटो केव्हाही निघू शकतो, तयार असलेलं बरं.

"सुजितराव, ही सूचना तुम्ही कधी टाकलीत?"

"तारीख लक्षात नाही ताई. माझ्या डोक्यात विचार फार येतात."

"मग टाकल्याचं तरी लक्षात आहे?"

सुजितने छताकडे पाहिलं. "मशीन म्हणतंय ना."

"तुम्ही काय म्हणताय?"

"मी मशीनच्या विरोधात कसा जाणार? तीन वर्षं विजयश्री मॅडमचा फोटो होता बोर्डावर. एकदा आमचा आला तर लगेच चौकशी. त्यांच्या वेळी कुठे कोण आलं होतं चौकशीला?"

हे मात्र तो अगदी मनापासून बोलला. ताईंनी वहीत लिहिलं, 'चोर नाही. सापडलेलं पाकीट परत न करणारा आहे.'

मग चोर कोण?

४

कंप्युटरचं सगळं खातं म्हणजे तौसिफ. वय सव्वीस, खोली जिन्याखाली. जुनं मशीन टेबलावर उघडं पडलं होतं.

"पाल शिरली, ताई. दोघंही गेले."

"आणि सूचना?"

"त्या वाचल्या. मी रोज संध्याकाळी बॅकअप घेतो, वेगळ्या डिस्कवर. शनिवारी नव्या मशीनवर चढवला. दोनशे बारा सूचना होत्या, दोनशे बारा उतरल्या. एक अक्षर इकडचं तिकडे नाही." तौसिफच्या आवाजात अभिमान होता आणि त्यामागे जुनी खंतही. "कुणी शाबास म्हटलं नाही. खुंटीवाल्याला शाल, दोनशे बारा वाचवणाऱ्याला जिना."

"मग हिचं नाव कसं गेलं?"

"नाव गेलं नाही ताई. नाव बॅकअपमध्ये नव्हतंच."

ताई खुर्चीत पुढे सरकल्या.

"सूचनेपुढे फक्त नंबर असतो," तौसिफ म्हणाला. "खुंटीपुढे नऊ आहे. नऊ म्हणजे कोण, ती यादी सूचनांबरोबर नव्हती, जुन्या मशीनच्या पोटात वेगळी होती. मी सूचनांचा बॅकअप घेत होतो, यादीचा नाही. त्याच मशीनवर परत चढवलं असतं तर काही कळलंही नसतं. पण मशीनच दुसरं."

"म्हणजे चाव्यांचा जुडगा वाचला, आणि कुठली चावी कुठल्या दाराची हे ठाऊक असणारा गेला."

"करेक्ट. मग मी सोळा जणांची नावं नव्याने घातली. सोळा नंबर, सोळा नावं, बरोबर जुळली. मशीनने एक तक्रार केली नाही."

"मशीन कशाला तक्रार करेल? त्याला कुठे परळीला जायचंय? नावं कुणी सांगितली?"

"विजयश्री मॅडमनी. शनिवारी इथे बसून वाचून दाखवली. आधी म्हणाल्या, कुठल्या क्रमाने सांगू? मी म्हटलं कशीही सांगा, मशीन आपोआप नंबर देतं, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन." तौसिफने कपाळावर हात मारला. "जुने नंबर वेगळे असतील हे तेव्हा सुचलंच नाही, राव. मला वाटलं, आत कुठेतरी नावं असतीलच."

"पासवर्ड?"

"सगळ्यांना एकच दिला, नंतर बदला म्हटलं. मॅडमनी मात्र स्वतःचा स्वतः टाकला. मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मी म्हटलं, मॅडम आता तीनच नावं राहिलीत, ती झाल्यावर टाका. तर नाही, आत्ताच."

ताईंनी नव्या मशीनवरची सोळा नावं वहीत उतरवून घेतली. सहावर रहिमान, नऊवर सुजित. बाकीचीही त्यांनी लिहिली.

"आणि जुने नंबर कशावरून दिले होतेस?"

"मार्चमध्ये ट्रेनिंग झालं होतं भोसरीला, त्याच्या यादीवरून. ती मॅडमकडे असेल."

५

ती मॅडमकडे नव्हती.

"रद्दीत गेली," विजयश्री म्हणाल्या. "कुणाचा नंबर कुठला, त्याचे दर महिन्याचे प्रिंटही गेले. ऑडिट होतं ना, केबिन आवरली."

विजयश्री चाळिशीच्या, नीटनेटक्या, निवड समितीच्या चिटणीसही त्याच. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. मागच्या भिंतीवर त्यांचे तीन वर्षांचे तीन फोटो, तीन शाली. चौथा खिळा ठोकलेला होता, मोकळा.

"योगिनीबद्दल काय मत आहे तुमचं?"

"हुशार आहे. मंडळात तिचं नाव मीच घातलं. कंत्राटी मुलीला घेता का, म्हणून सगळे भांडत होते. मी म्हटलं, घ्या, शिकेल." त्यांनी एक पेन्सिल सरळ केली. "शिकली."

"शनिवारी तुम्ही नावं सांगितलीत, ती कशावरून?"

"ट्रेनिंगची यादी नाही म्हटल्यावर बोर्डावरची उतरवून नेली आणि वाचली. सोळा जणांची तीच एक यादी आहे. वरून खाली, जशीच्या तशी. माझ्या हातून क्रम चुकला असेल, पण मी काही कंप्युटरवाली नाही."

हे उत्तर इतकं सरळ होतं की ताईंनी पुढचा प्रश्न बोर्डालाच विचारायचं ठरवलं. त्या बोर्डापाशी गेल्या.

बोर्डावर खंडेनवमीची यादी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा होते, तेव्हा हार कुणी कोणामागून घालायचा याची. दोन वर्षांपूर्वी सहाव्याच्या आधी सातव्याला बोलावलं म्हणून पॅकिंग विभाग जेवला नव्हता. तेव्हापासून मंडळाची मानाची यादी विजयश्री मॅडमच्या हस्ताक्षरात लागते आणि सोळाही जण तिच्यावर सही करतात. पूजा होऊन आठवडा झाला होता. यादी काढली नव्हती, कारण ज्यांचा मान वरचा होता ते अधूनमधून येऊन ती वाचत.

पहिले मालोजीरावांचे मेहुणे. सहावे स्टोअरचे रहिमानचाचा. नवव्या स्वतः विजयश्री. तेरावा सुजित. पंधरावी नीला. सोळावी, आणि शेवटची, योगिनी.

ताईंनी ही यादीही उतरवली, दोन्ही पानं शेजारी धरली आणि एकेक नंबर बोटाने जुळवत खाली आल्या. मग त्यांनी वही मिटली.

"झालं?" योगिनीने विचारलं.

"अर्धं. जुना नऊ नंबर तुझा होता हे आधी दाखवायला हवं. नाहीतर बाकीच्या अर्ध्याला काही अर्थ नाही."

६

"चाचा, तुमच्या नावावर सहा नंबरची एक सूचना आहे," ताई म्हणाल्या. "बायकांच्या लॉकर रूममध्ये मोठा आरसा बसवावा."

स्टोअरचे रहिमानचाचा पंचावन्न वर्षांचे. त्यांच्या डोक्यावर चार केस होते आणि चारही एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांनी टोपी सारखी केली.

"हां. आहे खरी."

"तुम्ही टाकली?"

"ताई, मी स्टोअरमध्ये रॅकना रंग द्या म्हटलं होतं. लाल वेगळा, निळा वेगळा." चाचा लाजले. "पण आरशावर सोमवारी शेरा आला, 'उत्तम सूचना'. रॅकवर कधी आला नव्हता. म्हटलं, राहू द्या."

"आणि रॅकची कुठे गेली?"

"दोन नंबरला. मेहुणेसाहेबांनंतर ज्यांचा मान, त्या प्रॉडक्शनच्या मॅनेजरांकडे. तेही काही बोलले नाहीत."

नीला लाइनीच्या शेवटाला उभी होती. आरशाचं नाव काढताच तिचे कान लाल झाले.

"आरसा माझा होता! पण ताई, माझ्या नावावर आता जे आलंय ना, कन्व्हेयरच्या वेगाचं, ते वाचूनसुद्धा मला कळत नाही. आमच्या ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, गप बस."

सोळा जणांच्या सूचना एकमेकांकडे गेल्या होत्या, आणि त्यातले पंधरा जण गप्प बसले होते. प्रत्येकाला वाटलं, आपल्याला मिळालेली आधीच्यापेक्षा बरी आहे. ओरडली ती एकटी योगिनी, कारण तिच्याकडे खुंटीच्या बदल्यात चहा पाच मिनिटं लवकर मिळावा अशी सूचना आली होती.

"म्हणजे जुना सहा नीला, जुना दोन चाचा," ताई पुटपुटल्या. "दोन खिळे मिळाले. आता भिंत पाहिजे."

त्या सरळ गेटवर गेल्या. कारखान्यात कागद हरवतो, माणूस हरवतो, मालकाचा शब्दही हरवतो. गेटचं रजिस्टर हरवत नाही. कामाच्या वेळी माणूस बाहेर पडला की वॉचमन त्याचं नाव हाताने लिहितो, आणि पास दिला असेल तर पासावर आहे त्याच क्रमाने लिहितो, कारण दुसरा क्रम लावायचा म्हणजे विचार करावा लागतो.

"मार्च महिना काढा," त्या म्हणाल्या. "भोसरीला ट्रेनिंगला सोळा जण गेले तो दिवस."

वॉचमनने धूळ झटकली. पान निघालं. एकाखाली एक सोळा नावं. दुसरं रहिमान. सहावं नीला.

ताईंनी बोट आणखी तीन ओळी खाली नेलं. योगिनी खांद्यावरून वाकून बघत होती.

नववं नाव तिचं होतं.

७

गुरुवारी दुपारी चार वाजता मालोजींच्या केबिनमध्ये सगळे जमले. सुजित, तौसिफ, विजयश्री, योगिनी. चहा आला. कुणी घेतला नाही. ताईंनी घेतला.

त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि चाव्यांची, आरशाची, रॅकची गोष्ट सांगितली. नऊ नंबर योगिनीचा, खुंटी योगिनीची.

मालोजींनी सुस्कारा सोडला. "म्हंजे चूकच झाली म्हना की. यादी चुकीची वाचली. कुनी मुद्दाम न्हाई केलं."

"मलाही तसंच वाटत होतं," ताई म्हणाल्या. "पण मग खुंटी सुजितच्या नावावर यायला नको होती."

ताईंनी वही उघडली.

"बोर्डावरची यादी वरून खाली वाचली तर नववं नाव सुजितचं नाही. नववं नाव विजयश्रीचं आहे. सुजित तेरावा."

सगळे विजयश्रीकडे बघायला लागले.

"नव्या मशीनवर चौदा नावं बोर्डाप्रमाणे आहेत. दोनच नावांची अदलाबदल झाली आहे. नऊवर सुजित आलाय आणि तेरावर विजयश्री."

"टाइप करताना चुकलं असेल त्याच्याकडून," विजयश्री म्हणाल्या.

"मॅडम, मी..." तौसिफ उठला.

"बस रे. तुझी चूक वेगळी आहे, तिचं नंतर बघू. विजयश्री, स्वतःचं नाव घातल्याबरोबर तू पासवर्ड टाकलास. तेव्हा हा म्हणाला, आता तीनच नावं राहिलीत. सोळातून तीन गेले की तेरा. तुझा नंबर तेरावा आला हे तू तिथे बसून बघत होतीस. नवव्या जागेवर असतीस तर सात राहिली असती."



"न्हाई, पन ताई," मालोजी म्हणाले, "मला हे कळंना. नवव्या नंबरला बक्षीस व्हतं. गप बसली असती तर खुंटी आपसूक तिच्याच नावावर आली असती की. मग तिथनं हालायचं कशाला?"

"तेच तर. मी चौतीस वर्षं याद्या सांभाळल्या. मानाच्या यादीत स्वतःहून चार पायऱ्या खाली उतरणारा माणूस मी पाहिला नाही. तुमच्याकडे एक पायरी घसरली तर विभाग जेवत नाही. आणि ही बाई स्वतःच्या हस्ताक्षरातली नववी जागा सोडते, तेरावीवर बसते? का? तर नऊ नंबरवर काय येणार आहे हे तिला ठाऊक होतं. हे समितीच्या चिटणिसाला ठाऊक असतं, तिच्या कागदावर नाव नसलं तरी नंबर असतो. आणि दर महिन्याच्या प्रिंटवरून नऊ म्हणजे योगिनी हेही ठाऊक होतं. तौसिफ म्हणाला, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तेव्हा हिला उपाय सापडला. पण स्वतःच्या नावावर घेतली असती तर चौथ्या वर्षीही हीच कशी, म्हणून पहिला संशय हिच्यावर आला असता. म्हणून दिली सुजितला."

"मला?" सुजित दुखावला होता. "म्हणजे माझी निवडसुद्धा गुणांवर नाही?"

"नाही हो. तुम्ही नको म्हणणार नाही, या गुणावर झाली."

मालोजी अजून अडलेले. "पन तिला काय मिळालं?"

"काही नाही. तुम्ही सगळे बघत होतात, फायदा कुणाचा झाला. म्हणून सुजितपाशी अडकलात. चोराला फायदा लागतो. मत्सराला फायदा लागत नाही, त्याला फक्त दुसऱ्याचा तोटा पुरतो."

 टेबलावरची मालोजींची तीन पेनं विजयश्रींनी उंचीप्रमाणे लावली. मग म्हणाल्या, "मी तिला साच्याची आकृती वाचायला शिकवली. मार्चमध्ये तिला डावं-उजवं कळत नव्हतं."

"मॅडम," योगिनी म्हणाली, "ते मी सगळ्यांना सांगते."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त बोचलं."

८

मालोजींचा हात फोनकडे गेला होता. कामावरून काढण्याची भाषा ते करत होते. ताईंनी त्यांना आणि बाकीच्यांना बाहेर पाठवलं. स्वतःच्या केबिनमधून बाहेर काढलं जाण्याची मालोजींची ती पहिलीच वेळ. मग त्या विजयश्रीशेजारी बसल्या.

"आमच्याकडे इंदुताई होत्या. माझ्यानंतर आल्या आणि उत्कृष्ट कर्मचारी झाल्या. मी त्यांच्या स्टुलाचा स्क्रू ढिला केला."

विजयश्रींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "पडल्या?"

"दुसऱ्या दिवशी बसायच्या आधी पहिला पेढा मला घेऊन आल्या. पेढा तोंडात धरून स्क्रू परत आवळला. इतका कडू पेढा मी आयुष्यात खाल्ला नाही." ताईंनी कप ठेवला. "स्क्रू ढिला करणं सोपं असतं. आवळायला खाली वाकावं लागतं. परमनंटचं पत्र एचआर टाइप करतं ना?"

"हो."

"मग कर टाइप. उद्या सगळ्यांसमोर हातातही तूच द्यायचं, आणि काय केलंस ते तिथेच सांगायचं. नोकरीचं मालोजी ठरवेल. मी त्याला सांगेन, पण तो माझं ऐकतो ते फक्त वेळेच्या बाबतीत."

शुक्रवारी गाडीवाल्या कंपनीची माणसं आली. तौसिफने सोळा नावं गेटच्या रजिस्टरच्या क्रमाने पुन्हा घातली, आणि या खेपेला यादीचाही बॅकअप घेतला. सगळ्यांची सूचना ज्याची त्याला परत गेली. त्यावर पंधरा जण नाराज झाले. रहिमानचाचांनी तर खासगीत विचारलं की आरसा निदान महिन्याच्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडे ठेवता येईल का.

विजयश्री माइकसमोर उभ्या राहिल्या आणि चार वाक्यांत सगळं बोलल्या.  मालोजींनी त्यांचं सुधारणा मंडळ काढून घेतलं, एचआरची खुर्ची राहू दिली. हॉलमध्ये कुणी शिव्या दिल्या नाहीत. कारण बोलणं ऐकताना जो तो मनातल्या मनात आपापला नववा नंबर मोजत होता.

मग त्यांनी योगिनीच्या हातात पत्र दिलं. योगिनीने ते दोनदा वाचलं. नाव बरोबर, तारीख बरोबर. ती पाया पडायला वाकली तेव्हा विजयश्री एक पाऊल मागे सरकल्या. मग थांबल्या आणि पडू दिलं.

साडेपाचला दिवसाची शिफ्ट सुटली. गेटबाहेर नेहमीप्रमाणे दोन बस उभ्या होत्या. पुढची परमनंटांची, पडदे असलेली. मागची कंत्राटदाराची. योगिनी सवयीने मागच्या बसच्या पायरीवर चढली. तिच्याच लाइनीवरची पूनम खिडकीत बसली होती. सोमवारपासून योगिनीच्या बाजूने सगळ्यांशी भांडलेली. दुपारी टाळ्याही तिच्याच सगळ्यांत मोठ्या. शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती. ती तिने उचलली नाही.

"तुझी बस पुढची, बाई," पूनम हसून म्हणाली. "इथं आमच्यासारख्यांनाच जागा पुरंना."

"अगं, पण..."

"जा की. सुटंल ती."

योगिनी खाली उतरली. दोन बसमध्ये वीसेक पावलांचं अंतर होतं. ते ती सावकाश चालली. पुढच्या बसमध्ये एकच सीट रिकामी होती, सुजितच्या शेजारी. तिला बघताच सुजितने नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि डब्याची पिशवी त्या सीटवर ठेवली. पुढचे दोघे खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कंपाउंडची भिंत होती.

बस निघाली. योगिनीने वरची दांडी धरली. दुसऱ्या हाताने पत्राचा लिफाफा, घडी पडू नये म्हणून, छातीशी सपाट धरला. मोशीच्या सिग्नलला ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, ती पुढे गेली, मागे आली, आणि पुन्हा सरळ उभी राहिली. कुणी म्हणालं नाही, बस इथे.

चाकण ते डांगे चौक ती उभ्यानेच गेली. चेहऱ्यावर राग नव्हता. ती सत्तावीस वर्षांची होती, निवृत्ती अठ्ठावन्नला. अजून एकतीस वर्षं याच बसने जायचं होतं, बसायची तिला काही घाई नव्हती.